सायकलस्वाराचें क्षौर

पुरुष सायकलस्वारानें पायांवरील केस काढावे किंवा नाहीं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांत आलेला माझ्या पाहण्यांत नाहीं, आणि तो येथें विचारास घेतलेला पाहून कांहीं वाचक हंसतील हेंहि मी जाणून आहें. गेल्या मार्गशीर्षापर्यंत मीहि हंसलों असतों. परंतु ज्या प्रश्नावरून एका घरांत बाप आणि मुलगा नऊ दिवस एकमेकांशीं बोलले नाहींत, तो प्रश्न क्षुद्र म्हणून टाकून देणें मला शक्य झालें नाहीं. म्हणून त्याचा यथामति विचार करून पाहिला. तो वाचकांपुढें ठेवितों.

हकीकत अशी. आमचें घर वाशिमास. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा, वय वर्षें बावीस, दोन वर्षांपासून सायकलीच्या नादास लागला आहे. पहाटे उठून अकोल्याच्या रस्त्यानें मालेगांव, मेडशीपर्यंत जाणें आणि ऊन चढण्यापूर्वीं परत येणें हा त्याचा नित्यक्रम. नव्या समृद्धि महामार्गानें आमच्या जिल्ह्याची वाट सोपी केली असें म्हणतात. पण त्या मार्गावर सायकलीस प्रवेश नाहीं, तेव्हां याचा संसार जुन्याच रस्त्यावर चालतो. या छंदांत 'ब्रेव्हे' म्हणून एक प्रकार आहे. त्यांत २००, ३००, ४०० किंवा ६०० किलोमीटरांचें अंतर ठराविक मुदतींत तोडावयाचें असतें. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. त्यांत पहिला, दुसरा असा क्रम लावीत नाहींत. मुदतींत पोंचला तो पोंचला. पुतण्यानें तीनशेंच्या ब्रेव्हेस नांव दिलें, आणि निघण्याच्या आदल्या दिवशीं तो न्हाणीघरांतून बाहेर आला तो मांड्यांपासून घोट्यांपर्यंत दोन्ही पाय स्वच्छ भादरून.

दादा ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनीं चष्म्यावरून एकदां पाहिलें आणि शांतपणें विचारलें, "मी अजून जिवंत आहें ना रे?"

आमच्या बाजूच्या वाचकांस या वाक्याचा अर्थ सांगावयास नको. बाप गेला म्हणजे मुलाचें क्षौर होतें. आणि बाप असेपर्यंत मुलानें मिशीलाहि वस्तरा लावूं नये असें मानणारीं माणसें आमच्या खेड्यापाड्यांतून अजून आहेत. मुलगा म्हणाला, "बाबा, डोक्याचे नाहींत, पायाचे आहेत." दादा म्हणाले, "केस ते केस." त्यानंतर ते नऊ दिवस बोलले नाहींत. मुलगा ब्रेव्हेस गेला, मुदतींत पोंचला, परत आला. तरी दादांनीं 'कसें झालें' म्हणून विचारलें नाहीं.

आतां प्रथम केस काढण्याच्या पक्षाचें म्हणणें पाहूं. त्या पक्षाचीं कारणें चार. पहिलें वाऱ्याचें. वेगानें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति हवेस बाजूला सारण्यांत खर्च होते, आणि केसांमुळें हा विरोध वाढतो असें म्हणतात. १९८७ सालीं चेस्टर काइल या अमेरिकन संशोधकानें याची परीक्षा केली, तेव्हां विरोध शेंकडा ०.६ इतकाच कमी झालेला आढळला. म्हणजे चाळीस किलोमीटरांत अवघ्या कांहीं सेकंदांचा लाभ. पुढें २०१४ सालीं 'स्पेशलाइज्ड' या सायकली बनविणाऱ्या कंपनीनें आपल्या वातबोगद्यांत स्वारांना केसांसह व केसांविना बसवून पाहिलें, तेव्हां तोच लाभ चाळीस किलोमीटरांत सुमारें एक मिनिट भरला. या दोन आंकड्यांत फार अंतर आहे. तें बाजूस ठेवलें तरी एवढें खरें कीं, जेथें सेकंदांवर निकाल लागतो तेथें ही गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. १९८९ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतींत तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडल्यावर ग्रेग लेमाँड हा लॉरां फिन्योंच्या पुढें अवघ्या आठ सेकंदांनीं राहिला. शेवटच्या दिवशींची व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतची साडेचोवीस किलोमीटरांची दौड लेमाँडनें निमुळतें शिरस्त्राण घालून केली. फिन्यों उघड्या डोक्यानें निघाला होता आणि त्याची बांधलेली शेंडी मागें वाऱ्यावर उडत होती. पुष्कळांनीं त्या आठ सेकंदांचा दोष त्या शेंडीच्या माथीं मारला आहे. तो न्याय असो वा नसो, केसांचा हिशेब करणारास वेडा म्हणतां येत नाहीं, इतकें त्यावरून दिसतें.

परंतु आमच्या पुतण्याचें काय? तीनशें किलोमीटरांस कंपनीचाच उदार हिशेब लावला तरी साडेसात मिनिटें वांचतात. आणि मालेगांवच्या नाक्यावर चहा घेतांना ओळखीचा कोणी भेटला म्हणजे तीं कोठें गेलीं हेंहि कळत नाहीं. शिवाय ज्या दौडींत क्रमच लावीत नाहींत आणि मुदत वीस तासांची, तेथें साडेसात मिनिटें वांचवून तो ठेवणार कोठें?

दुसरें कारण जखमेचें. सायकलस्वार पडतो, खरचटतो. केस असले तर त्यांत माती व खडी अडकते, जखम धुणें कठीण होतें आणि पट्टी काढतांना केस ओढले जातात. यांत तथ्य आहे, परंतु पूर्ण नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं वस्तऱ्यानें केस काढूं नयेत, कारण वस्तऱ्याच्या सूक्ष्म चिरांतून जंतुसंसर्ग होण्याचा संभव वाढतो, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें; काढावेच लागले तर ते यंत्रानें कातरावे. तेव्हां वस्तरा हा जखमेचा निखळ मित्र आहे असें म्हणवत नाहीं. तिसरें कारण मर्दनाचें. रोज पाय रगडून घेणारास केस ओढले गेल्यानें त्रास होतो. हें खरें, पण ज्याचे पाय रगडावयास रोज मनुष्य येतो त्याच्यापुरतेंच खरें. आमच्या घरीं तसा मनुष्य नाहीं.

राहिलें चौथें कारण, आणि तेंच बहुधा खरें असतें: सगळे काढतात म्हणून. युरोपांतील व्यावसायिक स्वारांत ही चाल पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि चाल जुनी झाली म्हणजे तिचा नियम होतो. २०१६ सालच्या आरंभीं पीटर सागान हा त्या वर्षींचा जगज्जेता अर्जेंटिनांतील शर्यतीस केसाळ पायांनीं उतरला, तेव्हां त्याच्या पेशांतील लोकांतच केवढी कुजबूज झाली! वेगांत तो कोणाहून कमी होता म्हणून नव्हे. त्यानें रीत मोडली म्हणून. वाशिमच्या ओसरीवर 'काढलेस कां' म्हणून राग, आणि अर्जेंटिनांत 'काढले नाहींस कां' म्हणून राग. हे दोन राग दिसावयास उलट आहेत, पण एकाच झाडाचीं तीं फळें आहेत.

आतां उलट पक्ष. त्याचें पहिलें म्हणणें असें कीं, अंगावरील केस निसर्गानें पुरुषास दिले, ते काढणें म्हणजे निसर्गास व पुरुषत्वास सोडणें होय. हें म्हणणारे बहुतेक जण सकाळीं आरशापुढें उभे राहून निसर्गानें दिलेली दाढी काढूनच घराबाहेर पडतात, म्हणून निसर्गाची सबब येथें टिकत नाहीं. परकीय अनुकरणाची सबबहि तितकीच पोकळ आहे. आमचें वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. ज्या कामसूत्रांत या वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख येतो, त्याच ग्रंथांत नागरक पुरुषाच्या नित्याचाराचें वेळापत्रक दिलें आहे: स्नान रोज, अंगमर्दन एक दिवसाआड, क्षौर चौथ्या दिवशीं, आणि शरीराच्या झांकलेल्या भागाचें क्षौर पांचव्या किंवा दहाव्या दिवशीं. म्हणजे पुरुषानें अंगावरील केस काढणें ही आमच्या देशास कालपरवां कळलेली गोष्ट नव्हे.

आणि पुरुषत्वाविषयीं म्हणाल, तर आमच्याच जिल्ह्यांत शिरपूरचें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें क्षेत्र आहे, आणि कारंजें हें शतकानुशतकें जैन भट्टारकांचें पीठ होतें. दिगंबर मुनि दोन ते चार महिन्यांच्या आंत आपल्या डोक्याचे व दाढीमिशीचे केस स्वतःच्या हातांनीं उपटतात आणि त्या दिवशीं उपवास करितात. तो केशलोच पाहण्यास श्रावक जमतात व हात जोडून बसतात. त्या मुनींचें पौरुष केसांबरोबर गेलें असें म्हणण्याची कोणाची छाती होईल? पौरुष केसांत असतें तर तें इतकें सहज उपटतां आलें नसतें.

पण केसांचा इतिहास एवढाच नाहीं, आणि जें राहिलें तें सांगतांना हंसूं मावळतें. याच महाराष्ट्रांत पति वारल्याबरोबर बायकोचें डोकें भादरण्याची रूढि होती. अकोल्यास शाळेंत असलेले गोपाळराव आगरकर पुढें तिच्यावर कडाडून तुटून पडले. आणि १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें सभा भरवून, विधवांचें वपन यापुढें आपल्या हातून होणार नाहीं असा निश्चय केला. या गोष्टींतील माझ्या दृष्टीनें मोठें मर्म हें कीं, वस्तरा ज्याच्या हातांत होता त्यानेंच तो खालीं ठेवला. मुनीचें डोकें आणि त्या विधवेचें डोकें दुरून सारखेंच दिसलें असेल. परंतु एकानें स्वतः व्रत घेतलें होतें, दुसरीवर शिक्षा लादलेली होती. तेव्हां केस आहेत कीं नाहींत हें पाहून नीतीचा निर्णय होत नाहीं. ते कोणाच्या इच्छेनें गेले, हें पाहावें लागतें.

येथें कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. पुतण्यानें स्वतःच्या इच्छेनें स्वतःचे केस काढले, वाद मिटला. मलाहि कांहीं दिवस असेंच वाटलें. परंतु घरांत आणखी एक साक्षीदार होता. पुतण्याची धाकटी बहीण अमरावतीस शिकते; ती सुटींत आली होती. एके रात्रीं जेवतांना ती मला म्हणाली, "काका, दादानें पायांचे केस काढले म्हणून घरांत नऊ दिवस मौन. आमच्या वसतिगृहांत एखादीनें नाहीं काढले, तर तिला चारचौघींत उभें राहवत नाहीं. तें मात्र कोणाला दिसत नाहीं." मी निरुत्तर झालों. तिला कोणी हुकूम दिलेला नाहीं, वस्तरा तिच्याच हातांत आहे, आणि तरी ती मोकळी नाहीं. म्हणजे 'स्वतःच्या इच्छेनें' हे शब्द उच्चारल्यानें इच्छा स्वतःची होत नाहीं. शेजाऱ्यांची नजर आपल्या डोळ्यांत येऊन बसली म्हणजे आपण तिलाच आपली आवड म्हणूं लागतों.

म्हणून मीं पुतण्यास एकांतांत गांठून विचारलें, "खरें सांग, कां काढलेस?" प्रथम त्यानें वारा सांगितला. मग जखमा सांगितल्या. मी गप्प बसून राहिलों. शेवटीं तो खालीं पाहून म्हणाला, "काका, नागपूरच्या, नाशिकच्या मुलांबरोबर उभा राहिलों कीं मी खेड्यांतला वाटतों. त्यांच्या सायकली भारी, कपडे भारी. माझ्याजवळ तेवढेंच करण्यासारखें होतें. पाय भादरले, तेव्हां वाटलें, आतां आपणहि त्यांच्यातले."

हें उत्तर ऐकून मला त्याचा राग आला नाहीं. वाईट वाटलें, आणि थोडा आदरहि वाटला, कारण खरें बोलण्यास त्यास केस काढण्याहून अधिक धैर्य लागलें होतें. प्रश्न त्या उत्तरानें स्पष्ट झाला. पाय भादरणें हें त्याच्यापुरतें एक चिन्ह होतें. चिन्हांस मी नांवें ठेवीत नाहीं. वारकरी गळ्यांत तुळशीची माळ घालतो तेंहि चिन्हच. पण माळ घातली म्हणजे त्यास मद्यमांस वर्ज्य होतें, एकादशी पाळावी लागते, वारी चुकवून चालत नाहीं. ती माळ त्यास बांधून घेते. उलट, कांहीं न करितां केल्याचा मान मिळावा म्हणून जें चिन्ह अंगावर धारण केलें जातें, तें ढोंग होय, मग तें गंध असो वा गुळगुळीत पाय असोत. मला कसोटी सांपडली ती ही: चिन्ह आपल्याकडून कांहीं मागतें, कीं आपल्या वतीनें इतरांकडून कांहीं मागतें?

या कसोटीस पुतण्या अर्धा उतरतो. तो पहाटे चारला उठतो, तीनशें किलोमीटर गेला आहे. त्याच्या चिन्हामागें घाम आहे. पण तें चिन्ह त्यानें ज्या भीतीपोटीं धारण केलें, ती भीति खोटी होती. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची 'रॅम' शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या मुदतींत पुरी केली. त्यापूर्वीं २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनीं ती जोडीनें पुरी केली होती. त्यांचीं नांवें निघतात तेव्हां लोक अंतर विचारतात, दिवस विचारतात, झोंप किती मिळाली तें विचारतात. त्यांच्या पायांवर केस होते कीं नव्हते, ही चौकशी मीं कोणाच्या तोंडून ऐकली नाहीं. आणि आमच्या आळींत जो दूधवाला दोन्हीं बाजूंस कॅन अडकवून, उन्हापावसांत, वीस वर्षें सायकल हांकीत आला, त्याच्या काळ्या केसाळ पिंढऱ्यांकडे पाहून हा सायकलस्वार नव्हे असें कोण म्हणेल?

आतां दादांविषयीं. सुधारकी आवेशांत त्यांस हेकट म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. आमचे वडील वारले त्या दिवशीं आम्ही दोघे भाऊ शेजारीं शेजारीं न्हाव्यापुढें बसलों होतों. दादांच्या मनांत वस्तरा आणि बापाचा मृत्यु यांची गांठ त्या दिवशीं पडली, ती कायमची. प्रत्येक घराची एक भाषा असते. तींत कांहीं कृतींस अर्थ असतात. मुलानें जें केलें त्याचा अर्थ त्याच्या मित्रांत एक होता, ओसरीवर दुसरा झाला. आपल्या शरीरावर आपली सत्ता आहे हें मी मान्य करितों. परंतु ज्यांच्या छपराखालीं आपण राहतों त्यांच्या भाषेत आपण काय बोलून गेलों, हें ओळखण्याचें कर्तव्य त्या सत्तेनें रद्द होत नाहीं. परवानगी मागण्याची गरज नव्हती. आधीं सांगण्याची होती. दादांची चूक याहून मोठी. आपल्या जिवंत असण्याचा पुरावा म्हणून मुलाचे केस राखून ठेवण्याचा हक्क बापास पोंचत नाहीं. मृत पतीचा पुरावा म्हणून विधवेचे केस काढणाऱ्यांनीं हाच हक्क उलट बाजूनें चालविला होता.

मौन कसें सुटलें तें सांगतों, म्हणजे लेख पुरा होईल. दहाव्या दिवशीं मेडशीच्या बाजूस खडीवरून घसरून पुतण्या पडला. गुडघा आणि कोंपर, दोन्ही सोलून निघाले. घरीं आला तेव्हां दादाच उठले, गरम पाणी घेऊन बसले, एकेक खडा काढला, पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशीं पट्ट्या सोडतांना गुडघ्याची पट्टी अलगद निघाली. कोंपराजवळची ओढतांच मुलगा ओरडला. दादांनीं एकदां गुडघ्याकडे पाहिलें, एकदां हाताकडे, आणि इतक्या दिवसांत पहिल्यानें बोलले: "मग हाताचे कां नाहीं काढलेस?"

या प्रश्नास उत्तर नव्हतें, आणि तें नाहीं हें तिघांसहि एकदमच कळलें. पडणारा मनुष्य आधीं हात टेकतो. जखमेचें कारण खरोखर मनापासून असतें तर हात आधीं भादरले गेले असते. पुतण्या हंसूं लागला. मग दादाहि हंसले. त्या हंसण्यांत मुलानें आपली सबब सोडली, आणि पट्टी अलगद निघाली हें डोळ्यांनीं पाहिल्यामुळें बापासहि आपली थोडी सोडावी लागली.

तेव्हां काढावे कीं न काढावे? ज्यास सेकंदांचा हिशेब द्यावा लागतो, त्यानें निःशंक काढावे. त्यांत पुरुषत्वाचें कांहीं जात नाहीं. ज्यास तसा हिशेब नाहीं, त्यानें काढले तरी दोष नाहीं आणि ठेविले तरी कमीपणा नाहीं; मात्र काढण्यापूर्वीं आपण कोणाच्या नजरेस भीत आहों हें स्वतःस एकदां विचारावें, आणि घरांत ज्यास त्याचें दुःख होईल त्याला आधीं सांगावें. ज्यांनीं दुसऱ्याच्या अंगावरील केसांचा कारभार आपल्याकडे घेतला आहे, मग ते वडील असोत, मित्र असोत वा वसतिगृहांतल्या मैत्रिणी असोत, त्यांनीं तो सोडून द्यावा.

पुतण्याच्या पायांवर आतां पुन्हां केस आले आहेत. हिवाळ्यांत तो चारशेंच्या ब्रेव्हेस जाणार आहे. या वेळीं काय करणार म्हणून मीं विचारलें, तर म्हणाला, "अजून ठरलें नाहीं, काका. बाबा म्हणाले, काय करशील तें सांगून कर." आणि दादांनीं, मी ऐकत आहें हें ठाऊक नसतां, त्यास विचारलें, "चारशेंला मुदत किती रे?"